कोरियन विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासताना

दक्षिण कोरियातील विद्यापीठात इंग्रजी लेखन शिकवायला नव्याने जाणाऱ्या मराठी शिक्षकाने एवढे आधीच ओळखून असावे, की समोरच्या मुलांनी इंग्रजी भरपूर वाचलेले असते, लिहिलेले मात्र फारच थोडे. सुनुंग या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे ४५ प्रश्न ७० मिनिटांत सोडवायचे असतात आणि ते सगळे पर्याय निवडण्याचे असतात. त्यामुळे अवघड उतारा सहज उलगडणारा विद्यार्थी स्वतःच्या पाच ओळी लिहिताना अडखळतो.

पहिल्या सत्रात माझ्या सर्वाधिक खुणा ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांपाशी झाल्या. कोरियनमध्ये ती नाहीत, मराठीतही नाहीत, म्हणून ‘आय बॉट बुक’ हे वाक्य मी स्वतःच एकदा न अडखळता वाचून गेलो होतो. पुढे उपयोगी पडली ती त्यांचीच भाषा. गोष्टीत राजा पहिल्यांदा येतो तेव्हा कोरियनमध्ये त्याला ‘इ’ हा प्रत्यय लागतो आणि ओळख झाल्यावर ‘उन’. ढोबळमानाने पहिल्या जागी ‘अ’ आणि दुसऱ्या जागी ‘द’, असे फळ्यावर मांडल्यावर वर्गातल्या माना हलल्या.

‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात मध्येच ‘बट’ येतो, तिथे तर आपण अधिकच सावध राहायला हवे, कारण ‘जरी–तरी’ची सवय असलेल्या कानाला त्यात काहीच खटकत नाही. ‘आय वॉज बोरिंग’ मात्र लगेच खटकते. कोरियनमध्ये कंटाळवाणी गोष्ट आणि कंटाळलेला माणूस या दोघांनाही ‘जिरुहादा’ हे एकच क्रियापद चालते.

ओळखीचे वाटणारे शब्द अधिक फसवतात. ‘शुक्रवारी मीटिंग होती’ असे लिहिणाऱ्या मुलाला मी कसली बैठक म्हणून विचारले आणि वर्ग हसला. तिथे मीटिंग म्हणजे मुलामुलींनी जोडीदार शोधण्यासाठी गटाने भेटणे. (तपासताना लाल शाई वापरली तरी मुलांची नावे तिने लिहू नयेत, जिवंत माणसाचे नाव लाल शाईने लिहिणे तिथे अशुभ मानतात.)

आकड्यांत मात्र आपली भाषा कामी येते. कोरियन मोजणी दहा हजारांच्या ‘मान’वर चालते, त्यामुळे चारशे ‘मान’ वॉन फी इंग्रजीत उतरवताना एका मुलीने चाळीस मिलियन लिहिली होती. मी मनात चाळीस लाख म्हटले आणि समासात चार मिलियन लिहून दिले.