मराठी पत्रकाची अक्षरमांडणी संगणकावर कशी करावी

वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे एक पानी पत्रक करायचे आहे असे धरू. मजकूर तयार आहे: संस्थेचे नाव, तीन व्याख्यानांचे विषय, वक्ते, तारखा, वेळ, पत्ता आणि खाली चार ओळींचे आवाहन. संगणकावर वर्ड किंवा फुकट मिळणारे लिबरऑफिस आहे. एवढ्या सामग्रीवर नेटके, फलकावर लांबून वाचता येणारे पत्रक होते. त्यासाठी देवनागरी अक्षराची ठेवण मात्र समजून घ्यावी लागते. या सॉफ्टवेअरमधली ठरावीक मापे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली असतात. ती तशीच ठेवली, तर मराठी मजकूर खुजा आणि दाटलेला दिसतो.

'मूर्तींच्या' हा एकच शब्द मोठा करून पाहा. शिरोरेखेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार आहेत, मधे मुख्य अक्षरे आहेत, खाली दीर्घ ऊकार आहे. फाँटला ठरवलेल्या उंचीत हे सगळे बसवायचे असते, म्हणून मधल्या अक्षराच्या वाट्याला कमी जागा येते. पुढच्या बऱ्याचशा सूचना यातूनच निघतात.

१. आधी नुसता मजकूर, तोही युनिकोडमध्ये

सजावट सुरू करण्याआधी सगळा मजकूर साधा टाइप करून, वाचून, दुरुस्त करून घ्या. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे ठरलेले क्रमांक देणारी पद्धत. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात. जुना मजकूर वापरायचा असेल तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरे तिथे हमखास चुकतात. टाइप करण्यासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाणित कीबोर्ड विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर आहे. फोनवर टाइप करून स्वतःलाच पाठवले तरी चालते.

२. फाँट निवडा, पण त्याची परीक्षा घेऊन

मराठीसाठी चांगले फाँट आज मोफत मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू, गूगलचे नोटो देवनागरी, तिरो देवनागरी मराठी, आयआयटी मुंबईचा शोभिका हे त्यांतले काही. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांबरोबर आलेला मंगल हा अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांचा. तो पडद्यावर वाचायला बरा आहे, पण छापायच्या पत्रकासाठी मी दुसरा घेईन.

कुठलाही फाँट घेण्याआधी त्यात ही ओळ टाकून पाहा: *कुऱ्हाड, दुसऱ्या, ॲप, ऑक्टोबर, राष्ट्र, बुद्धी, शृंगार, मूर्तींच्या, वाङ्मय, ळ.* 'ऱ्ह' आणि 'ऱ्या'मध्ये अर्धा र नीट वळतो का? 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन तर येत नाही? 'र्तीं'मधला अनुस्वार वेलांटीवर चढून बसत नाही ना? यात नापास झालेला फाँट शीर्षकात कितीही देखणा वाटला तरी सोडून द्या. हिंदीपुरता केलेला फाँट बहुधा इथेच उघडा पडतो.

ल आणि श यांचेही पाहा. राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श लिहायचे आहेत. काही फाँटमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' ठरवली की मराठी वळण आपोआप येते. म्हणून सगळा मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट, माप आणि भाषा 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वेगळ्या खान्यात असतात. फाँट बदलूनही मराठी मजकूर ढिम्म हलला नाही, तर बदल रोमनच्या खान्यात झालेला असतो.

फाँटचे कुटुंब एकच घ्या आणि त्यातली दोन वजने वापरा, साधे आणि ठळक. ठळक वजन फाँटमध्ये खरोखर आहे याची खात्री करा. नसेल तर सॉफ्टवेअर साध्या अक्षरालाच फुगवते आणि 'क्ष', 'ध', 'भ' यांची पोटे भरून जातात.

३. अक्षराचे माप आणि ओळींतले अंतर

एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. हातात धरून वाचायच्या इंग्रजी मजकुराला ११ पॉइंट पुरतात, मराठीला १३ घ्या. फलकावर लावायच्या ए-४ पत्रकात मुख्य मजकूर १६ ते १८, व्याख्यानाचे विषय २४ च्या आसपास आणि शीर्षक ४० ते ४८ इथून सुरुवात करा.

ओळींतल्या अंतराकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या, कारण मराठी पत्रके इथेच बिघडतात. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडता कामा नयेत. ओळीपासून ओळीचे अंतर अक्षराच्या मापाच्या साधारण दीडपट धरा: १६ पॉइंटच्या अक्षराला २४ पॉइंट. पण वर्डमध्ये ओळींच्या अंतरासाठी 'मल्टिपल' निवडून दीड हा आकडा टाकला, तर हे माप मिळत नाही. तिथला आकडा फाँटने स्वतःच ठरवलेल्या ओळीच्या उंचीला गुणतो आणि ती उंची प्रत्येक फाँटची निराळी असते. मुक्तची ओळ मुळातच उंच आहे, तिला 'सिंगल' पुरते. दीड केले तर ओळी विखुरतात. नेमके माप हवे असेल तर वर्डमध्ये 'एक्झॅक्टली', लिबरऑफिसमध्ये 'फिक्स्ड' निवडून पॉइंट लिहा. आकडा फार कमी झाला तर वेलांट्यांचे माथे कापले जातात, तेव्हा शीर्षकाला वेगळे, मोठे अंतर द्या.

४. महत्त्वाचे काय ते ठरवा

फलकापुढे थांबलेल्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात: काय आहे, कधी, कुठे. संस्थेचे नाव, अध्यक्षांचे नाव, स्थापनेचे वर्ष यांना मोठ्या टाइपात वर बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते ती नावे लहान मापात, सन्मानाने खाली शोभतात. वर मालेचे शीर्षक येऊ द्या आणि लगेच तारखा.

एका व्याख्यानाची तारीख, विषय आणि वक्ता एकमेकांजवळ ठेवा. दोन व्याख्यानांमध्ये त्याहून ठसठशीत मोकळी जागा सोडा. मग चौकटी आणि रेघा लागत नाहीत. ही जागा एन्टर दाबून आणू नका, परिच्छेदाच्या 'बिफोर' आणि 'आफ्टर'मध्ये पॉइंट लिहून आणा, म्हणजे तिन्ही ठिकाणी सारखी राहते.

मजकूर डावीकडून लावा. 'महानगरपालिकेच्या', 'पुरस्कारप्राप्त' अशा लांब शब्दांमुळे दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात पांढरी भगदाडे पडतात. शीर्षक दोन ओळींत जात असेल तर अर्थ पाहून स्वतः तोडा, शिफ्ट आणि एन्टर दाबून. 'डॉ.' ओळीच्या शेवटी आणि नाव पुढच्या ओळीत, 'सायं.' इथे आणि '६' तिथे, असे होऊ नये म्हणून मधली जागा कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून द्या. आकडे एकाच लिपीत ठेवा.

रोमनमधून आलेल्या काही सवयी इथे सोडाव्यात. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अधोरेखा उकारांना कापत जाते. तिरके अक्षर देवनागरीच्या परंपरेत नाही, बहुतेक फाँटमध्ये ते नुसते ढकलून तिरके केलेले असते. जोर द्यायला ठळक वजन किंवा मोठे माप वापरा. ओळ बसत नाही म्हणून अक्षरे आडवी दाबू नका, शब्द कमी करा.

५. छापून पाहा आणि मग पाठवा

चारही बाजूंना किमान २० मिलिमीटर समास ठेवून एक प्रत साध्या प्रिंटरवर काढा. ती भिंतीला चिकटवा, सात-आठ फूट मागे जा आणि कुणालातरी तारीख आणि ठिकाण वाचायला सांगा. अडखळले तर माप वाढवा. मुद्रितशोधन कागदावरच करा, पडद्यावर सुटलेले अनुस्वार कागदावर सापडतात.

छापखान्यात पीडीएफ द्या, मूळ फाइल नको. मूळ फाइल त्यांच्याकडे दुसऱ्याच फाँटमध्ये उघडू शकते, पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. पीडीएफ उघडून 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मधल्या फाँटच्या यादीत नावापुढे 'एम्बेडेड' लिहिले आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवरही पीडीएफच पाठवा, छायाचित्र म्हणून पाठवले की ते दाबले जाऊन बारीक मात्रा पुसट होतात. कुणी तुमचे पत्रक फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये नव्याने करणार असेल, तर 'वि'ची वेलांटी व च्या उजवीकडे पडलेली नाही ना ते तपासा. पडली असेल तर परिच्छेदाच्या पर्यायांत 'वर्ल्ड-रेडी' निवडायला सांगा, अक्षरे जागच्या जागी येतात.