उघडं बी मातीत टाकू नका

रोहिणी तोंडावर आली. बेळगावकडे उचगाव, कंग्राळी, खानापूर पट्ट्यात भाताचा पेरा सुरू होईल, निपाणी-चिकोडीकडे मृगावर सोयाबीन पडेल. या गडबडीत दरवर्षी एकच काम राहतं: बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला राखणीचं औषध किंवा जिवाणू लावणं. मग सोयाबीन-भुईमुगाची कोवळी रोपं मुळाशी कुजून माना टाकतात आणि माणसं दुकान गाठतात. तोवर हातात काही उरत नाही.

रोपाची राखण मातीतले काही जिवाणू करतात. १९४३ साली अमेरिकेत सापडलेलं क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसीन अशाच, स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंतून मिळालं. वळवानंतरचा मातीचा वास मुख्यतः त्याच कुळाचा. सुडोमोनास हा दुसरा राखणदार. तो मुळाभोवती बुरशीला मारक द्रव्यं सोडतो. पण बुरशीच्या आधी तो मुळावर बसायला हवा, म्हणून बियाण्यालाच लावायचा.

एक किलो बियाण्याला सुडोमोनासची १० ग्रॅम भुकटी, गुळाचं थंड पाणी, सावलीत हलक्या हाताने. सोयाबीनची साल नाजूक असते, चोळू नका. रासायनिक बुरशीनाशक लावायचंच तर ते आधी. रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र पिकाला देणारा जिवाणू, सगळ्यात शेवटी, १० किलोला २५० ग्रॅम. सुकलं की त्याच दिवशी पेरा. भाताच्या धूळवाफेत, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या पेरणीत, मात्र कोरड्या तापल्या मातीत जिवाणू टिकत नाही; तिथे ओल आल्यावर एकरी १ किलो भुकटी कुजलेल्या शेणखतातून द्या.

दुकानदार स्ट्रेप्टोमायसीनची पुडी आळवणीला, म्हणजे पाण्यातून मुळाशी ओतायला, देईल. घेऊ नका. मूळकूज बुरशीची, तिच्यावर ही पुडी चालत नाही. मरतात ते चांगले जिवाणू, आणि जे उरतात ते औषधाला दाद देईनासे होतात. भुकटीसाठी आधी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मुदत बघा. पत्र्याखाली तापलेला पुडा फुकट दिला तरी नको.

वळवानंतर ज्या रानाला वास येत नाही, तिथे मर जास्त दिसते. ही शिफारस नव्हे, माझी नजर आहे. अशा रानात शेणखत वाढवा, उसाचं पाचट पेटवू नका.

बाकी कामं:
- उगवण चाचणी
- कुळवणी, बांधबंदिस्ती
- पाणी साचणाऱ्या रानात चर

सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. वाफसा आला आणि बियाणं तयार नसेल, तर पेरा एक दिवस पुढे ढकला, पण उघडं बी टाकू नका.