मोठ्या फॅन्टसी आरपीजीसाठी एकच क्लास निवडताय? या चुका टाळा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, म्हणून मोठे गेम सुरू होतात ते बहुतेक तेव्हाच. कूलर लावून बाल्डर्स गेट 3 हा आरपीजी (एक पात्र घडवून त्याची कथा खेळायचा गेम) उघडला जातो आणि कॅरेक्टर तयार करतानाच गाडी अडते. समोर 12 क्लास, म्हणजे पात्र कसं लढणार ते ठरवणारे प्रकार, असतात, गेम सहज शंभर तासांच्या घरात जाणारा असतो. घाईत काहीतरी निवडलं जातं आणि पंधरा दिवसांत मित्राचा मेसेज येतो, "बोअर व्हायलंय राव, परत पहिल्यापासून सुरू करू का?" करू नका. आधी गडबड कुठं झाली ते बघा.

शेवटची ताकद बघून क्लास घेणं

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. विझार्ड, म्हणजे मांत्रिक, फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र टाकून अख्खी टोळी जाळतो, असा व्हिडिओ पाहिलेला असतो. पण फायरबॉल मिळतो पाचव्या लेव्हलला, आणि तेव्हा त्याला लागणारे तिसऱ्या पातळीचे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधी) असतात दोन. ते संपले की लाँग रेस्टपर्यंत (कॅम्पमधल्या रात्रीच्या मुक्कामापर्यंत) बहुतेक टर्नला, म्हणजे लढाईतल्या आपल्या पाळीला, फायर बोल्टसारखा छोटा मंत्रच टाकायचा असतो. लाँग रेस्ट पूर्ण लागू व्हायला बॅलन्स्ड या मधल्या डिफिकल्टीत 40 कॅम्प सप्लाय (खाण्यापिण्याचं सामान) लागतात, त्याहून अवघड टॅक्टिशियनमध्ये 80. म्हणजे पोटली सांभाळत, स्लॉट मोजत खेळायचं. ज्याला हा हिशेब आवडतो त्याच्यासाठी विझार्डसारखा क्लास नाही. स्क्रोल सापडला की थोडं सोनं खर्चून नवा मंत्र वहीत उतरवता येतो, आणि शेवटपर्यंत नवं काहीतरी शिकत राहायला मिळतं. ज्याला हिशेबाचा कंटाळा आहे, त्याला फायटर (लढवय्या) किंवा रोग (Rogue, लपूनछपून वार करणारा) जास्त सुख देतो. रोगचा स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेला जबर वार, रेस्टवर अवलंबून नाही. फायटरचा अॅक्शन सर्ज, म्हणजे एकाच टर्नमध्ये जादा कृती, शॉर्ट रेस्टमध्ये (थोड्या विश्रांतीत) परत येतो. मंत्रवाला वॉरलॉक हा विझार्ड आणि फायटर यांच्या मधला: दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत स्लॉट दोनच, पण शॉर्ट रेस्ट घेतला की परत भरतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: क्लास निवडताना मोठ्या बॉसची लढाई डोळ्यासमोर आणू नका. एखाद्या साध्या लढाईतला तिसरा टर्न डोळ्यासमोर आणा. त्या टर्नला तुम्ही काय करणार? तेच काम शेकडो वेळा करायचं आहे, आणि ते करताना मजा यायला हवी.

टियर लिस्टवर डोळे मिटून विश्वास

शेजाऱ्यानं कपाशी लावली म्हणून आपल्या हलक्या रानात कुणी कपाशी लावत नाही. टियर लिस्ट, म्हणजे कुठला क्लास भारी त्याची क्रमवारी, बनवणारे लोक तोच गेम अनेकदा संपवलेले असतात, त्यांना कुठली लढाई कधी येणार ते पाठ असतं. तुमचं खेळणं कसं आहे ते तुम्ही बघा. लातूरला शिकवणी आणि अभ्यास सांभाळून रात्री तासभर खेळणाऱ्या मुलाला माँक (हातापायानं लढणारा साधू) किंवा चॅम्पियन या साध्या प्रकारच्या फायटरसारखा, उघडल्याबरोबर हातात बसणारा क्लास बरा. आठवडाभराच्या खंडानंतर वीस मंत्रांची यादी परत समजून घेण्यातच त्याचा तास जाईल. सलग सहा-सात तास बसायला मिळत असतील तर ड्रुइड, विझार्डसारखे मंत्रवाले क्लास खुशाल घ्या.

इंग्रजीच्या धाकानं मंत्रवाले क्लास टाळणारी मराठी माध्यमातली मुलं बरीच आहेत. गेम मराठीत नाही, हे खरं. पण लढाई टर्न-बेस्ड आहे, तुमचा टर्न आला की पाच मिनिटं वर्णन वाचत बसलात तरी शत्रू थांबून राहतो. तेच तेच शब्द परत येतात आणि थोड्या दिवसांत सवयीचे होतात. भाषेपायी आवडीचा क्लास सोडू नका.

टोळीत कोण कोण आहे ते न बघणं

बाल्डर्स गेट 3 मध्ये एका वेळी तुम्ही धरून चौघं सोबत असतात. वाटेत भेटणारे सोबती आणि त्यांचे क्लास असे: गेल विझार्ड, शॅडोहार्ट क्लेरिक, लेझेल फायटर, अॅस्टॅरियन रोग, विल वॉरलॉक, कार्लाक बार्बेरियन. पुढं भेटणाऱ्यांत ड्रुइड, पॅलाडिन, रेंजर येतात. बार्ड (गाण्या-बोलण्यातून जादू करणारा), माँक आणि सॉर्सरर (जन्मजात जादूगार) हे क्लास मात्र कुणीच घेऊन येत नाही. वेगळी चव हवी असेल तर या तिघांकडं आधी बघा.

यातच बोलण्याचा प्रश्न येतो. गावकऱ्याला समजावणं, पहारेकऱ्याला धमकावणं, हे बहुतेक वेळा तुमच्याच कॅरेक्टरला करावं लागतं. करिश्मा (समोरच्यावर छाप पाडायचा गुण) 8 असेल तर अशा वेळी टाकलेल्या फाशावर उणे 1, आणि 16 असेल तर अधिक 3. गोष्टी आणि संवाद आवडत असतील तर करिश्म्यावर चालणाऱ्या बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, पॅलाडिन (शपथेनं बांधलेला योद्धा) यांपैकी एक घ्या. पॅलाडिन घेताना स्वतःचा स्वभाव तपासा: निरपराध माणसावर हात उचललात की शपथ मोडते, आणि ती परत घ्यायला 1000 सोन्याची नाणी मोजावी लागतात.

लवकर मल्टिक्लास करणं

मल्टिक्लास म्हणजे एकाच पात्राच्या लेव्हल दोन क्लासमध्ये वाटणं. पाचव्या लेव्हलला तीन लेव्हल फायटरमध्ये आणि दोन विझार्डमध्ये टाकलेत तर फायटरचा एक्स्ट्रा अटॅकही (एका कृतीत दुसरा वार) नाही आणि फायरबॉलही नाही. नेमक्या ज्या वेळी गेम अवघड होतो, त्या वेळी तुम्ही दोन्हीकडून रिकामे. या गेमची मर्यादा 12 लेव्हलची आहे. एका क्लासमध्ये निदान पाचपर्यंत जा, मग इकडंतिकडं बघा.

तरीही मन उडालं तर

पहिल्यांदा क्लास नका बदलू, सवय बदला. वेगळे मंत्र तयार करा, शस्त्र बदला, सोबतची माणसं बदला. बऱ्याचदा कंटाळा क्लासचा नसून त्याच त्या बटणाचा असतो. तरी जमत नसेल तर कॅम्पमधल्या विदर्स नावाच्या पात्राकडं जा. 100 नाण्यांत तो क्लास आणि गुण नव्यानं ठरवू देतो, वंश मात्र तोच राहतो. त्याआधी वेगळी सेव्ह फाइल ठेवा.

बाकी गेममध्ये हा नियम वेगळा असतो, तेव्हा सुरुवातीलाच बघून घ्या. एल्डन रिंगमधले 10 क्लास म्हणजे फक्त सुरुवातीचे गुण आणि सामान, पुढं काहीही बनता येतं. त्यावर रात्र घालवू नका. तिथं गुण बदलायला रेनाला या बॉसला हरवावं लागतं आणि दर वेळी लार्व्हल टियर नावाची एक वस्तू द्यावी लागते. स्कायरिममध्ये तर क्लासच नाहीत, जे कराल ते कौशल्य वाढतं.

छत्रपती संभाजीनगरला मित्रांच्या खोलीवर फासे टाकून डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळत असाल, तर तिथं विदर्स नसतो, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर, असतो. तीन सत्रं कुढत बसण्यापेक्षा पहिल्या-दुसऱ्या सत्रातच त्याला सांगा, "दादा, हा क्लास मला जमंना गेलाय." बहुतेक डीएम कथेत वाट काढून देतात. दहा-बारा सत्रं झाल्यावर सांगितलंत तर तुमच्या कॅरेक्टरभोवती रचलेलं सगळंच त्याला मोडावं लागतं.