जिओकॅशच्या पेटीला कुलूप लावताय? खाऱ्या हवेत या चुका टाळा

गेल्या वर्षी गणपती आटोपल्यावर गुहागरजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ठेवलेली माझी पेटी बघायला गेलो. नंबर बरोबर जुळवला, दांडी ओढली, पण कुलूप ढिम्म. चारदा आकडे फिरवले, दगडाने हळूच ठोकून बघितलं, शेवटी घरून हॅकसॉ आणून दांडी कापली. आत वही ठणठणीत कोरडी, पेन्सिल जागेवर. म्हणजे पावसात पेटी टिकली आणि मेलं ते कुलूप. मधल्या काळात दोघे जण तिथवर चालत येऊन हात हलवत परत गेले होते, ते वेगळंच.

ज्यांना जिओकॅशिंगचा हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगॉनमध्ये एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. शोधा, वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घेतलीत तर एखादी ठेवा. त्या बादलीला कुलूप नव्हतं.

कुलूप आलं ते पुढे, कोड्यासाठी: कोडं सोडवा, नंबर किंवा चावी मिळवा आणि पेटी उघडा. इथेच बहुतेकांची गफलत होते. आपण पेटीला तिजोरी समजून कुलूप निवडतो. दोन फुटांची पेटी चोराला न्यायची असेल तर तो कुलपासकट काखेत मारून नेईल. कुलपाचं काम एवढंच, की कोडं सोडवलेल्याने उघडावं आणि वांदरांनी उघडू नये. त्यामुळे जाडजूड, दणकट कुलपावर पैसे घालवू नका. ते किती मजबूत आहे यापेक्षा खाऱ्या वाऱ्यात किती दिवस फिरतं, हे बघा.

पत्र्याच्या थरांचं कुलूप किनाऱ्याला घेऊ नये, थरांत पाणी मुरतं. चकचकीत क्रोमची दांडीही फसवी असते. मुलामा एके ठिकाणी सुटला की आतलं पोलाद गंजून फुगतं आणि दांडी भोकात घट्ट बसते. माझं नेमकं तेच झालं. पितळी अंगाचं आणि स्टेनलेस दांडीचं कुलूप घ्या. शक्य असेल तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाने पडणारे बारीक खड्डे नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा कमी पडतात. बंदरावर बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा. साध्या हार्डवेअरवाल्याला दोन्ही ग्रेड सारखेच वाटतात.

आता भोक पाडण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त पेट्या इथे वाया जातात. परदेशात दारूगोळ्याचे जुने लष्करी डबे वापरतात. त्यांच्या झाकणाला रबरी गॅस्केट असतं आणि कडी झाकण खाली दाबून धरते. आपल्याकडे पत्र्याची ट्रंक किंवा स्टीलचा डबा असतो आणि कडीकोयंडा आपल्यालाच बसवावा लागतो. तो साध्या पॉप रिव्हेटने ठोकला, की रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी थेट आत. बंद तोंडाचे रिव्हेट मिळतात, ते घ्या. नाहीतर नटबोल्ट वापरा आणि दोन्ही बाजूंना रबरी वॉशर घाला. ड्रिल करण्याआधी पंचाने खूण करा, नाहीतर बिट घसरून रंगावर ओरखडा उठतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. भोकाची कड कानशीने साफ करून लगेच रेड ऑक्साइड लावा. 'नंतर लावू' म्हणून कोकणात भागत नाही.

सिलिकॉनने भोक बुजवताना वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि पत्र्याला खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब घ्या.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे धातूंची जोडी. मोठ्या स्टेनलेस कडीकोयंड्याला चार साधे लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या ओलाव्यात स्क्रूच आधी खाल्ले जातात, तेही झपाट्याने. स्टेनलेसला स्टेनलेसचेच बोल्ट लावा आणि पत्रा व कोयंड्याच्या मध्ये जुन्या ट्यूबच्या रबराची चकती ठेवा.

कोयंडा ढिला बसवणं ही चूक पटकन लक्षात येत नाही. कुलूप लागतं, पण झाकण थोडं वर उचललं जातं, म्हणजे गॅस्केट दाबलं जात नाही. कोयंडा इतका ताठ हवा, की कुलूप घालताना झाकण हाताने दाबावं लागेल. सगळं झाल्यावर आत कोरडा कागद ठेवा, पेटीवर दगड ठेवून ती अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवा आणि मग बाहेरून पुसून उघडा. कागद ओला झाला असेल तर ती पेटी सड्यावर नेऊ नका.

कागद कोरडा निघाला तरी वही ओलसर होऊ शकते. दमट दुपारी झाकण लावलं, की आत कोंडलेली वाफ रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन बसते. वही झिप पिशवीत ठेवा आणि पेनऐवजी पेन्सिल ठेवा. सिलिका जेलची पुडी आमच्या हवेत लवकर दमते, तेव्हा प्रत्येक फेरीला बदला.

कुलूप अडलं तर काय करावं? आधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. नीट सुकल्यावर सिलिकॉन किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे मारा. दांडी ओढून धरून आकडे फिरवू नका, थोडी आत दाबून फिरवा, चाकं मोकळी होतात. आमच्याकडे सगळ्यावर एकच औषध, खोबरेल. ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे थंडीतल्या पहाटे कुलपात मेणच. शिवाय त्याला वाळू चिकटते. ग्राफाइटची पूड कोरड्या गावात ठीक असते, पण खाऱ्या ओलाव्यात ती विजेची वाहक असल्याने धातू खायला हातभारच लावते.

नंबर कुठून काढायला लावता, तेही बघा. मी एकदा विजेच्या खांबावरचे आकडे वापरले. दिवाळीत खांब रंगवला, कोडं संपलं. दगडात कोरलेलं साल असेल तर उत्तम. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर पेटीची नोंद करताना प्रकार निवडावा लागतो. कोड्यातून नंबर काढायचा असेल तर नोंद मिस्टरी प्रकारात करा. दुसऱ्या जागेवर जाऊन चावी शोधायची असेल तर मल्टी. ट्रॅडिशनल, म्हणजे दिलेल्या जागी थेट सापडणारी पेटी, म्हणून टाकून वर कुलूप लावलंत तर येणारा वैतागणारच. आणि चावीची डबी दुसऱ्याच्या कॅशपासून, म्हणजे लपवलेल्या पेटीपासून, निदान १६१ मीटर लांब ठेवा.

आता जागेचं. कुलूपबंद लोखंडी पेटी आपल्या किनाऱ्यावर साधी गोष्ट नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स रायगडातल्या शेखाडीला उतरलं होतं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ रायफली असलेली बेवारस बोट सापडली. लोक सावध आहेत, असायलाच हवेत. त्यामुळे लष्करी हिरवा रंग नको. पेटीवर ठळक मराठीत लिहा: 'हा जिओकॅशिंगचा खेळ आहे, आत वही आणि खेळणी आहेत', खाली आपला फोन नंबर. जमीनमालकाची परवानगी घ्या आणि पोलीस पाटलांना पेटी उघडून दाखवा. आमच्या पाटलांनी वहीत सही केली, तीच पहिली नोंद.

विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग असल्या संरक्षित किल्ल्यांत पेटी ठेवूच नका. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीतही नको. जांभ्याच्या दगडांत फुरसं बसलेलं असतं आणि शोधणारा हात घालण्याआधी बघत नाही. झाडाला खिळा मारून साखळी अडकवू नका, प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार सैल गुंडाळा.

मिरग लागायच्या आत मी आता पेटी घरी आणतो आणि नोंद तात्पुरती बंद ठेवतो. कुलूप धुऊन, उघडं करून माळ्यावर टांगतो. नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र वेगळी ठेवतो. पहिल्या वर्षी ती मी पेटीच्या आतच ठेवली होती.