दिवाळीपूर्वीचे तीन आठवडे: घरचे उटणे, स्वस्त प्रसाधने आणि कामट्यांचा आकाशकंदील

नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणे अंगाला लावल्यावर ते झोंबते आहे, हे कळून काही उपयोग नसतो. पाणी तापलेले असते, पाट मांडलेला असतो, मुले कुडकुडत रांगेत उभी असतात आणि एकही दुकान उघडे नसते. आकाशकंदिलाचेही तसेच आहे. वसुबारसेच्या संध्याकाळी टांगलेल्या कंदिलाचा कागद बेळगावच्या दवाने रात्रीतून सुटला, तर दुसऱ्या दिवशी फराळाच्या घाईत तो पुन्हा चिकटवायला कोणाला सवड होत नाही. म्हणून अंगाला लावायची आणि दारात टांगायची, अशा दोन्ही वस्तू आधी थोड्या प्रमाणात करून पाहाव्यात आणि मगच घरासाठी कराव्यात, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी दिवाळीच्या तीन आठवडे आधी कामाला लागणे पुरेसे होते.

उटण्याचे साहित्य

चार माणसांच्या घराला पाच दिवस पुरून थोडे उरेल एवढे, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम उटणे करण्यासाठी मसुराची डाळ १०० ग्रॅम, हरभरा डाळीचे पीठ ५० ग्रॅम, मुलतानी माती ५० ग्रॅम, संत्र्याची वाळलेली साल ३० ग्रॅम, कपूरकाचरी आणि नागरमोथा प्रत्येकी २० ग्रॅम, आणि वाळा, आंबेहळद व गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या प्रत्येकी १० ग्रॅम घ्याव्यात. डाळी घरात असतातच. बाकीच्या वस्तू काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात, ज्याला आपले कन्नड भाषिक शेजारी ‘ग्रंथिगे अंगडी’ म्हणतात. दुकानदाराला मराठी नाव कळले नाही तर वाळ्याला ‘लावंच’ आणि हळदीला ‘अरिशिन’ म्हणावे, की तो लगेच बरणी पुढे करतो. शक्यतो सगळे अख्खे घ्यावे, तयार पूड घेऊ नये, कारण अख्ख्या नागरमोथ्याचा वास हातात चोळून पाहता येतो, पुडीतल्या भुकटीत काय आहे हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

हळदीच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. जत्रेतून आणलेला भंडारा देवाचा असतो. तो कपाळाला लावावा, पण उटण्यात घालू नये, कारण त्यात हळदीखेरीज कोणता रंग मिसळला आहे हे आपल्याला सांगता येत नाही. विकतची हळदपूड वापरायचीच असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून, न ढवळता तशीच ठेवावी. शुद्ध हळद खाली बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर त्या पुडीत रंग मिसळला आहे असे समजावे आणि ती स्वयंपाकातही वापरू नये.

दळणे आणि गाळणे

मुलतानी माती आणि तयार पीठ वगळून सर्व साहित्य दोन दिवस कडक उन्हात वाळवावे. ऑक्टोबरात आपल्याकडे परतीचा पाऊस कधी कधी रेंगाळतो, तेव्हा ऊन मिळाले नाही तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर डाळ आणि मुळे वेगवेगळी कोरडी करून घ्यावीत, मात्र भाजल्याचा वास येऊ देऊ नये. मसूर धुऊ नये. कोरड्या फडक्याने पुसावा. वाळ्याची मुळे तंतुमय असल्यामुळे ती मिक्सरच्या पात्यात गुंडाळली जातात, तेव्हा कात्रीने नखाएवढे तुकडे करून ती डाळीबरोबरच दळावीत.

दळलेली पूड पिठाच्या चाळणीतून काढून थांबू नये. ती मलमलीच्या किंवा धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करावी. या पायरीचा अनेकांना कंटाळा येतो, पण उटणे चांगले की वाईट हे इथेच ठरते, कारण नागरमोथ्याचा आणि सालीचा बारीकसा खडाही ओल्या त्वचेवर ओरखडा काढतो आणि त्या ओरखड्यातून हळद झोंबते. दोन बोटांत चिमूट धरून चोळावी: पावडर गालावर फिरवल्यासारखी ती घसरली पाहिजे, रवाळ लागली तर पुन्हा गाळावी. फडक्यावर उरलेला चोथा टाकून न देता पायाच्या टाचांसाठी वेगळा ठेवावा.

तयार उटणे काचेच्या कोरड्या बरणीत भरून तिच्यावर तारीख लिहावी आणि त्यात ओला चमचा कधीही घालू नये. कोरडे उटणे दोन-तीन महिने चांगले राहते, पण पाण्यात किंवा दुधात कालवलेले उटणे त्याच वेळी संपवावे, कारण त्यातले पीठ आंबते.

कोपराची चाचणी

चमचाभर उटणे पाण्यात कालवून कोपराच्या आतल्या वळीत रुपयाच्या नाण्याएवढे लावावे, दहा मिनिटांनी धुवावे आणि त्या जागेवर दोन दिवस लक्ष ठेवावे. खाज, लाली, पुरळ किंवा आग यांपैकी काहीही दिसले तर त्या माणसासाठी ते उटणे नाही, असे समजावे आणि हळद, साल व काष्ठौषधी वगळून नुसत्या मसूर पिठाची चाचणी पुन्हा करावी. घरातल्या प्रत्येकाची चाचणी वेगळी घ्यावी लागते. आईला चालले म्हणून मुलीला चालेलच असे नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला उटणे लावू नये, कोमट तेलाचे मालीश पुरे. चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील तर तिथे उटणे चोळू नये, नुसते लावून धुऊन टाकावे.

कोणी त्यात लिंबू पिळायला सांगितले तर ऐकू नये. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागले, तर भाजल्यासारखे काळपट डाग पडू शकतात आणि ते जायला कित्येक आठवडे लागतात.

स्नानाच्या दिवशी आधी कोमट खोबरेल किंवा तिळाचे तेल अंगभर जिरवावे, मग उटणे लावावे. कोरड्या अंगावर उटणे चोळले तर ते आहे तेवढा स्निग्धपणाही शोषून घेते आणि आपल्याकडच्या त्या गार हवेत दुपारपर्यंत पोटऱ्यांवर पांढऱ्या रेघा उमटतात. कन्नड घरांमध्ये आदल्या संध्याकाळी हंडे घासून, पाण्याने भरून ‘नीरु तुंबुव हब्ब’ साजरा करतात. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण त्यामुळे पहाटेची निम्मी धांदल वाचते.

बाजारातील स्वस्त प्रसाधने घेताना

स्वस्त वस्तू वाईट असते, असे मी मानत नाही. साधे खोबरेल, पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन यांच्याइतके कामाचे काही महागड्या बाटलीत क्वचितच मिळते. मात्र बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात दिवाळीच्या गर्दीत उभे राहून वस्तू निवडताना किमतीच्या आधी वेष्टन वाचावे. उत्पादकाचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि वापरण्याची अंतिम मुदत या गोष्टी वेष्टनावर असायला हव्यात. सौंदर्यप्रसाधनांसाठी आपल्याकडे २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. वस्तू परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव आणि पत्ता पाहावा. अक्षरे फार बारीक असतील तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचावा, आणि वाचण्यासारखे काहीच नसेल तर वस्तू परत ठेवावी.

हे मी कळकळीने लिहीत आहे, कारण माझ्या धाकट्या बहिणीने लग्नसराईत एका फिरत्या विक्रेत्याकडून चेहरा उजळवणारी अशीच बिननावाची डबी घेतली होती. आठवडाभर चेहरा खरोखर उजळला, क्रीम लावणे थांबवताच तो लालबुंद झाला, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे चार महिने खेटे घालावे लागले. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड असू शकते, त्यामुळे त्वचा पातळ होते. पारा असू शकतो, तो त्वचेतून शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो. उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे, आणि स्टेरॉइडचे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नये. काही दिवसांत गोरेपणाचे आश्वासन देणारी डबी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

नवी वस्तू नेहमी सर्वांत लहान पुडीत किंवा लहान कुपीत घ्यावी आणि एका वेळी एकच सुरू करावी. दोन नव्या वस्तू एकदम लावल्या आणि पुरळ उठले, तर दोष कोणाचा हे कळत नाही. अंगावर राहणाऱ्या क्रीमसाठी कोपरावर एकदाच लावणे पुरत नाही; तिथेच दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. तीन आठवडे आधी सुरुवात करायची ती यासाठीच. लिपस्टिक आणि काजळ दुकानातल्या उघड्या नमुन्यातून थेट ओठांना किंवा डोळ्यांना लावू नये; रंग पाहायचा असेल तर मनगटावर ओढावा. काजळकांडी कोणाशी वाटून घेऊ नये.

मेंदीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवावी. खरी मेंदी काढल्यावर आधी नारिंगी दिसते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तपकिरी लाल होते. तासाभरात काळीभोर होणाऱ्या मेंदीत बहुधा केस काळे करण्याचे रसायन मिसळलेले असते, ज्यामुळे फोड येऊन कायमचे व्रण राहू शकतात.

कामट्यांचा कंदील

पारंपरिक कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. बुरुडाकडून पाव इंच रुंदीच्या, गाठी नसलेल्या कामट्या घ्याव्यात, प्रत्येकी ९ इंच कापाव्यात आणि काचकागदाने घासून कुसळे काढावीत. त्यांचे सहा चौकोन बांधायचे. बांधायला वाकळेचा जाड सुती दोरा सर्वांत चांगला. तो ओला करून बांधला की वाळल्यावर गाठ ढिली पडत नाही. प्रत्येक चौकोन बांधून झाला की त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही पावणेतेरा इंच भरले तर चौकोन काटकोनात आहे. एक तेरा आणि दुसरा साडेबारा भरला तर दाबून सरळ करावा, कारण इथली अर्ध्या इंचाची चूक पुढे कंदिलाला वाकडा करते.

मग चार चौकोन शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे धरून त्यांची बाजूची टोके एकमेकांना बांधावीत, म्हणजे चौघांचे कडे तयार होते. हे कडे हातात लुळे पडते, त्यामुळे या पायरीला दुसऱ्या माणसाचे हात हवेतच. वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन आडवा ठेवून त्याचे चारही कोपरे बांधावेत, कंदील उलटा करून खालच्या टोकांना सहावा बांधावा. बारावी गाठ पडली की इतका वेळ डुलणारा सांगाडा एकदम ताठ होतो; तो क्षण मुलांना दाखवण्यासारखा असतो. आता त्यात आठ त्रिकोणी खिडक्या आपोआप तयार झालेल्या दिसतात. वरच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक १३ इंची कामटी आडवी बांधावी, तिला बल्बचा होल्डर लटकेल.

कागद पतंगाचाच घ्यावा. साधारण २० बाय ३० इंचांच्या एका तावातून १० इंचांचे सहा चौकोन निघतात. त्यातले चार लावावेत, दोन फाटण्याच्या बेगमीला ठेवावेत. दुसऱ्या तावातून पावणेअकरा इंच बाजूचे आठ त्रिकोण, एक सुलटा आणि एक उलटा असे आखले तर बरोबर बसतात. या मापांत दुमडण्यासाठी अर्धा इंच धरलेला आहे. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवावा, म्हणजे उष्णता बाहेर पडते. मला चौकोन पांढरे आणि त्रिकोण केशरी किंवा हिरवे आवडतात, कारण पांढऱ्यातून उजेड जास्त येतो.

खळीसाठी दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत सतत ढवळावा. कीड लागू नये म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत, पण ते विषारी आहे. मुले कामाला बसणार असतील तर घालू नये, रोज ताजी खळ करावी. कागद कामटीवर दुमडून चिकटवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. नंतर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला तर वाळताना कागद ढोलासारखा ताणला जातो. मात्र काही कागदांचा रंग पाण्याने उतरतो, म्हणून हा प्रयोगही आधी उरलेल्या तुकड्यावर करावा. कंदिलाची चाचणी आणखी एक आहे: शेपट्या लावण्याआधी तो एक रात्र अंगणात ठेवावा. सकाळी दवाने जिथे कागद सुटला असेल, तिथे खळ पातळ झाली होती असे समजून ती कड पुन्हा चिकटवावी.

शेपट्यांसाठी तिसरा ताव बारीक कापावा, किंवा घरातल्या जुन्या सुती साडीचे काठ वापरावेत. बेळगावातील शहापूर-वडगावच्या मागावरच्या साडीचा काठ वाऱ्यावर फार सुंदर हलतो. शेपट्या फक्त खालच्या टोकांना बांधाव्यात, बल्बच्या जवळ नेऊ नयेत. बल्ब ५ ते ७ वॅटचा एलईडी घ्यावा, जुना तापणारा घेऊ नये. वायरचे जोड टेपने नीट झाकावेत आणि कंदील पागोळ्यांच्या आत, छपराखाली, वरच्या चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीच्या दोऱ्या बांधून टांगावा.

तुळशीचे लग्न झाल्यावर कंदील उतरवावा, ओल्या फडक्याने खळ भिजवून कागद सोडवावा आणि सांगाडा सावलीत वाळवून माळ्यावर खुंटीला अडकवावा. पुढच्या वर्षी फक्त दोरे तपासायचे आणि कागद आणायचा.