एअरक्राफ्ट कॅरियरवरचं, म्हणजे विमानवाहू जहाजावरचं, फ्लाइंग नेमकं कसं असतं, कोकणातल्या मुलामुलींसाठी थोडं सविस्तर

४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीला नेव्ही डे झाला, नेव्हीचं जहाजावरून उडणारं फायटर विमान मिग-२९के किनाऱ्यावरून गेलं, आणि तेव्हापासून मालवण-देवगडकडची मुलं एकच विचारतात की सर ते विमान चालवायला काय करावं लागतं. फोनवर प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. मी देवगड तालुक्यातला, नेव्हीत फायटर पायलट होतो, उमेदीची सगळी वर्षं गोव्यात दाबोळीला आणि जहाजावर गेली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण ती कळली की बाकीचं आपोआप कळतं. एअरफोर्सचे फायटर पायलट आणि आम्ही, आकाशात असेपर्यंत फार फरक नसतो, फरक आहे तो परत उतरण्यात. आमचं ट्रेनिंग, दिवसाचं टाइमटेबल, झोप, जेवण, सगळं त्या शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांभोवती फिरतं. आणि त्यासाठी धाडसापेक्षा जास्त लागते ती दुसऱ्याने रोज काढलेली चूक ऐकून घ्यायची सवय. ती ज्याला जमते त्याने या लाइनमध्ये जरूर यावं.

आता उतरणं म्हणजे काय ते बघा. दाबोळीचा रनवे तीन किलोमीटरच्या वर लांब आहे. आयएनएस विक्रांत हे आपलं अख्खं विमानवाहू जहाज २६२ मीटर, आणि त्यातला उतरायचा भाग त्याहून बराच लहान. तो भाग जहाजाच्या मधल्या रेषेला तिरका असतो, त्यामुळे जहाज पुढे चाललं की तुमची सेंटरलाइन सारखी उजवीकडे सरकत राहते, म्हणजे तुम्ही नाक सरळ धरून आलात तर चुकणारच, सतत थोडं थोडं उजवीकडे घ्यावं लागतं. वर लाटेने डेक खालीवर होतोय. आमच्या आईने सुट्टीत एकदा विचारलेलं, "बोट हालता, मगे तू उतरतंस कसो?" आणि हा प्रश्न खरोखर एकदम योग्य आहे. उत्तर असं की डेककडे बघायचंच नाही. डेकच्या बाजूला दिव्यांची ऑप्टिकल सिस्टीम असते, ती सांगते तुम्ही ग्लाइडपाथच्या, म्हणजे उतरायच्या ठरलेल्या तिरक्या रेषेच्या, वर आहात की खाली, लाल दिसला म्हणजे खाली आलात, लगेच पॉवर. तो दिवा, सेंटरलाइन आणि विमानाचा अँगल, नजर या तीनच गोष्टींवर फिरत राहते, चौथीकडे गेली की गडबड. होडीतून जेटीवर पाय टाकताना आपले लोक लाटेकडे न बघता जेटीच्या कडेकडे बघतात ना, तसंच काहीसं.

जमिनीवर उतरताना पायलट शेवटी नाक जरा वर उचलून विमान अलगद टेकवतो. इथे ते करायचं नाही. आलात त्याच अँगलने थेट डेकवर आपटायचं, कारण विमानाच्या शेपटीखाली हुक असतो आणि डेकवर आडव्या बांधलेल्या तीन जाड तारांपैकी एक त्यात अडकायला हवी, अलगद टेकवायला गेलात तर हुक तारांवरून निघून जातो. आणि सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट ही की चाकं टेकली रे टेकली की थ्रॉटल पूर्ण पुढे, म्हणजे थांबायच्या वेळी फुल पॉवर. तार लागली की विमान थांबतंच, नाही लागली तर त्याला बोल्टर म्हणतात, तेव्हा डेक संपायच्या आत तुम्हाला परत उडायचंय आणि इंजिनला पॉवर घ्यायला वेळ लागतो. तार लागली हे तुम्हाला आधी खांद्याच्या पट्ट्यांत कळतं, सगळं अंग पुढे फेकलं जातं, ताशी सुमारे २४० किलोमीटरवरून शून्य, साधारण ९० मीटरमध्ये, अडीच-तीन सेकंदांत. मग श्वास घ्यायला वेळ नाही. थ्रॉटल मागे, तार विमानाला थोडं मागे ओढते, हुक वर, समोर जॅकेट घातलेला डायरेक्टर हाताने खुणा करत असतो आणि त्याच्या खुणेवर विमान बाजूला घ्यायचं कारण मागून दुसरं येतंय. कधी कधी तो तुम्हाला इतकं कडेला नेतो की कॉकपिटमधून खाली डेक दिसत नाही, फक्त पाणी. तरी तो थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. त्याच्यावर एवढा विश्वास लागतो.

डेकच्या बाजूला एलएसओ उभा असतो, लँडिंग सिग्नल ऑफिसर. तो स्वतः पायलट असतो, रेडिओवर तुम्हाला सांगत असतो आणि त्याला बरोबर वाटलं नाही तर तुम्हाला परत फिरवतो. तो म्हणाला फिर, तर फिरायचं, चर्चा नाही. नंतर डीब्रीफमध्ये सगळ्यांसमोर तुमचं लँडिंग उलगडलं जातं, कुठे पॉवर उशिरा दिली, कुठे लाइन सोडली. तुम्ही सिनियर असा नाहीतर नवीन. मला विचाराल तर नेव्हीच्या फायटर स्क्वाड्रनची सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे, तिथे कोणी कोणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही.

टेकऑफबद्दल थोडक्यात. आपल्या जहाजांवर कॅटापुल्ट, म्हणजे विमान पुढे फेकणारं यंत्र, नाही, पुढे १४ अंशांचा स्की-जंप, म्हणजे वर वळलेला चढ आहे. चाकं अडवून ठेवतात, आफ्टरबर्नर (इंजिनची जादा ताकद) पूर्ण लागला की सोडतात आणि विमान त्या चढावरून वर फेकलं जातं. लोकांना व्हिडिओत हेच भारी वाटतं पण पायलटला यातलं करायचं तुलनेने कमीच असतं.

जहाजावर जायच्या आधी हे सगळं गोव्यात होतं. दाबोळीला आयएनएस हंसा या नेव्हीच्या तळावर जमिनीवरच स्की-जंप आणि तारा बसवलेली टेस्ट फॅसिलिटी आहे. नेव्हल एलसीएचं, म्हणजे आपल्या तेजसच्या नेव्हीसाठीच्या विमानाचं, उदाहरण घ्या, ते तारेवर पहिल्यांदा थांबलं १३ सप्टेंबर २०१९ ला, तिथेच, जमिनीवर. त्यानंतर कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते आयएनएस विक्रमादित्य या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर उतरवलं ११ जानेवारी २०२० ला. मधले चार महिने तेच तेच घोटणं. न्यूजमध्ये ते अडीच सेकंद दिसतात, घोटणं दिसत नाही आणि तुमच्या वाट्याला बहुतेक आयुष्य घोटणंच येणार आहे, हे मनाशी पक्कं करूनच या.

हंसावरचा दिवस लवकर सुरू होतो. हवामानाचं ब्रीफिंग, मग फ्लाइंगचं ब्रीफिंग, सकाळचे काही तास तिथे सिव्हिल विमानं नसतात म्हणून नेव्हीचं उडणं त्या वेळेत उरकून घ्यायचं. एका तासाच्या सॉर्टीसाठी (उड्डाणासाठी) आधी प्लॅनिंग आणि नंतर डीब्रीफ धरून अर्धा दिवस जातो. दुपारी सिम्युलेटर, अभ्यास, आणि ऑफिसचं काम, कारण तुम्ही पायलट असलात तरी आधी नेव्हीचे ऑफिसर आहात, तुमच्या हाताखालच्या सेलर्सच्या रजा, घरच्या अडचणी, प्रमोशनचे कागद हे पण तुम्हीच बघायचं. जूनमध्ये पाऊस लागला की ढग खाली येतात आणि फ्लाइंग कमी होतं, आपल्या होड्या बंद असतात तसेच आम्हीही बरेचदा जमिनीवर.

जहाजावर मात्र वेगळं जग. विक्रांतवर सोळाशेच्या आसपास माणसं. तुमची केबिन डेकच्या खाली, वर विमान उतरलं की तार ओढली जाण्याचा जो आवाज येतो तो पहिले काही दिवस झोपू देत नाही आणि नंतर त्याच आवाजात गाढ झोप लागते. सूर्य दिवस-दिवस दिसत नाही, खाली सगळीकडे ट्यूबलाइट. फ्लाइंगच्या आधी डेकवर सगळे एका ओळीत मान खाली घालून चालतात आणि स्क्रू, तारेचा तुकडा, खडा जे दिसेल ते उचलतात, कारण एवढासा खडासुद्धा इंजिनमध्ये गेला तर इंजिन जातं. याला फॉड वॉक म्हणतात. त्यात पायलटही चालतात, आणि चालायलाच पाहिजे, कारण त्याच डेकवरून तुम्ही उडणार आहात. वॉर्डरूममध्ये (ऑफिसरांच्या मेसमध्ये) जेवण चांगलं असतं, पण सोलकढी आणि तिरफळाची आमटी विसरा. मोबाइलला रेंज नाही, घरी बोलणं दिवसेंदिवस होत नाही. बायको वास्कोच्या क्वार्टर्समध्ये, मुलाची शाळा, आजारपण सगळं तिच्या एकटीवर, लग्नाआधी हे समोरच्याला नीट सांगा, हे मी अगदी कळकळीने लिहितोय.

रात्रीचं लँडिंग. अमावस्येला समुद्रावर क्षितिजच नसतं, वर काळं खाली काळं. शरीर सांगतं विमान वळतंय, इन्स्ट्रुमेंट सांगतात सरळ आहे, आणि इन्स्ट्रुमेंटचं ऐकायचं. मिग-२९के विक्रांतवर रात्री पहिल्यांदा उतरलं मे २०२३ मध्ये, आणि नेव्हीने ते मोठी गोष्ट म्हणून का सांगितलं ते यावरून समजा.

धोका लपवून काही उपयोग नाही. २६ नोव्हेंबर २०२० ला गोव्याजवळ समुद्रात मिग-२९केचं ट्रेनर पडलं, एका पायलटला वाचवलं, दुसऱ्यासाठी बरेच दिवस शोध चालला आणि शेवटी मृतदेह मिळाला. फ्लाइंग चालू असताना जहाजाजवळ बचावासाठी हेलिकॉप्टर हवेत ठेवतात, पाण्यात पडल्यावर बाहेर कसं यायचं याचं ट्रेनिंग होतं. किनाऱ्यावरची असूनही आपल्यातल्या खूप मुलांना पोहता येत नाही. आधी पोहायला शिका.

आता यायचं कसं. बारावीत फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन यूपीएससीची एनडीए परीक्षा, मुलींनाही २०२२ पासून प्रवेश आहे. किंवा डिग्रीनंतर शॉर्ट सर्व्हिसची पायलट एंट्री, त्याचं ट्रेनिंग केरळात एझिमलाच्या नेव्हल अकादमीत सुरू होतं. एसएसबीत, म्हणजे ऑफिसर निवडीच्या मुलाखतीत, पायलटसाठी सीपीएसएस नावाची मशीनवरची टेस्ट असते, ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात तर त्या दारातून परत जाता येत नाही, त्यामुळे झोप पूर्ण करून आणि सूचना शांतपणे ऐकून द्या. फ्लाइंगचं ट्रेनिंग सुरू झालं तरी फायटर मिळेलच असं नाही, मेरिट आणि गरज बघून ठरवतात, बरेच जण हेलिकॉप्टर किंवा डॉर्नियर, पी-८आय या समुद्रावर पाळत ठेवणाऱ्या विमानांकडे जातात, आणि ती कामं कमी दर्जाची आहेत असं कोणी म्हणालं तर मानू नका, पाणबुडी शोधायचं काम तेच करतात. मुलींनो, जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पूनिया नेव्हीच्या फायटर स्ट्रीममध्ये गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या, म्हणजे वाट उघडलीय. आणि वेळही चांगली आहे, एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल मरीनचा (राफेलच्या जहाजावरून उडणाऱ्या प्रकाराचा) करार झालाय, आज दहावीत असलेल्यांच्या हातात तीच विमानं येतील.

मुंबई-पुण्याचा महागडा क्लास लागतोच असं नाही. छत्रपती संभाजीनगरला मुलग्यांसाठी सरकारची एसपीआय, एनडीएची तयारी करून घेणारी संस्था आहे, दहावीनंतर तिथली प्रवेश परीक्षा द्या. आणि एकदा वास्कोजवळ बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम बघून या, तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही नेव्हीची जुनी विमानं उघड्यावर ठेवलीत, सी हॉकच्या शेपटीखाली वाकून तो हुक बघा, केवढासा असतो ते कळेल.

डोळे मात्र आत्ताच तपासा, नंबर आणि रंग ओळखणं दोन्ही, नववी-दहावीतच. उंची पायलटसाठी किमान १६२.५ सेंटीमीटर, शिवाय पायाची आणि बसल्यावरची उंचीही मोजतात. खूप मुलं चार वर्षं तयारी करतात आणि मेडिकलला रंगांच्या टेस्टमध्ये बाहेर पडतात, जे जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत कळलं असतं.