एमईसीपी-२ ची तपासणी: मुलीला नेण्याआधी

मुलीला रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीचा, बहुतेक मुलींमध्ये दिसणारा जनुकीय आजार) असल्याची शंका आली की एमईसीपी-२ या जनुकाची रक्ततपासणी करतात. त्यासाठी जेनेटिक्सच्या डॉक्टरांची वेळ मिळाली की आधी मोबाइलमधले जुने व्हिडिओ काढा. पहिला वाढदिवस, आजोळी ती चमचा धरून बसलेली, पहिले एक-दोन शब्द. आणि मग हात सतत चोळायला लागली तेव्हाचे. रेट सिंड्रोममध्ये मूल साधारण ६ ते १८ महिन्यांपर्यंत बरंच नीट वाढतं, नंतर आलेलं बोलणं आणि हातांचा वापर जातो. हा बदल तोंडी सांगताना आपला गळा दाटतो. तारखेसकट व्हिडिओ असले की डॉक्टरांना नेमका दिसतो. जागेपणी श्वास रोखून धरत असेल तर तेही टिपून ठेवा. डोक्याच्या घेराच्या जुन्या नोंदी आणि ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद) एकाच फाइलमध्ये लावा. ईसीजी झाला नसेल तर करून घ्यायचा का ते विचाराच. या मुलींमध्ये क्यूटी (ईसीजीत दिसणारं, हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) लांबलेला असू शकतो आणि मग काही औषधं टाळावी लागतात.

रक्तासाठी उपाशी ठेवायची गरज नाही. एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी-२ या जनुकापासून बनणारं प्रथिन मिथाइलच्या खुणा असलेल्या डीएनएला चिकटून इतर जनुकांवर नियंत्रण ठेवतं. रेटशी त्याचं नातं १९९९ मध्ये कळलं. लॅबला मात्र एक प्रश्न आधीच विचारा: नुसतं सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं क्रमाने वाचणं) करणार, की गळालेले मोठे तुकडेही एमएलपीए नावाच्या चाचणीने तपासणार? आमचा पहिला रिपोर्ट 'दोष आढळला नाही' असा आला. आठ महिने आम्ही भलत्याच निदानामागे फिरलो. जनुकाचा एक तुकडाच गळालेला होता, आणि तो नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये सापडला नव्हता.

भेटीला आजीलाही न्या. 'आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं' याचं उत्तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं. जनुकातला हा बदल बहुतेक वेळा नव्यानेच घडतो, तोही बऱ्याचदा वडिलांकडून आलेल्या एक्सवर, आणि यात कुणाचीच चूक नसते. क्वचित आई लक्षणांशिवाय वाहक असते, म्हणून पुढच्या बाळाचा विचार असेल तर आईचीही तपासणी करायची का, ते लिहून न्या. पाठीचा कणा, वजन, फिजिओथेरपी हे प्रश्नही त्याच कागदावर घाला. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रोफिनेटाइड या रेटवरच्या औषधाबद्दलही विचारा.

पिशवीत तिचा खाऊ, कपड्यांचा जास्तीचा जोड आणि तिचं आवडतं गाणं असू द्या. कुठे निघालोय ते तिलाही सांगा. ती डोळ्यांनी उत्तर देते. थोडं थांबून बघा.